जलप्रवासातील जीवरक्षक साधने : निवड व निगा

'तीर्थ' हा शब्द 'तॄ', म्हणजे तरून जाणे, या संस्कृत धातूपासून झाला आहे. नदी ओलांडण्याची जागा, उतार, हा त्याचा मूळ अर्थ होय. पुढे त्या उतारांवर घाट बांधले गेले, देवालये उभी राहिली आणि उताराचे नाव क्षेत्रास मिळाले. आजही कित्येक क्षेत्रांचे दर्शन होडीत पाऊल ठेवल्यावाचून पुरे होत नाही. पंढरपुरास चंद्रभागेतून नावेने विष्णुपदास जाण्याची वहिवाट आहे. श्रीक्षेत्र औदुंबर येथे दत्तदर्शनानंतर कृष्णेच्या पैलतीरी भुवनेश्वरीच्या दर्शनास जातात. कर्नाटकात रायचूर जिल्ह्यातील कुरवपूर बेटावर श्रीपाद श्रीवल्लभांच्या स्थानी जाणारे महाराष्ट्रातील दत्तभक्त कृष्णेचे पात्र नावेने अथवा गोल टोपलीवजा होडीने ओलांडीत आले आहेत. मुंबईहून घारापुरीच्या शिवलेण्यांकडे आणि मालवणहून सिंधुदुर्गातील शिवराजेश्वर मंदिराकडे जाणारी वाट समुद्रातूनच जाते. नर्मदा परिक्रमेत तर भडोच जिल्ह्यात, जेथे रेवामाई खंबातच्या आखातास मिळते तेथे, परिक्रमावासींना भरतीची वाट पाहून नावेने कित्येक तासांचा प्रवास करावा लागतो.

यांपैकी अनेक ठिकाणी आता नावेत जीवरक्षक जॅकेटे ठेवलेली दिसतात. परंतु जॅकेट नावेत असणे, ते अंगावर असणे आणि ते काम देण्याच्या स्थितीत असणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. छताला गाठोडी बांधून लटकावलेली, बसण्यासाठी खाली अंथरलेली किंवा ओलीच कोंबून ठेवल्याने कुबट झालेली जॅकेटे पाहिली म्हणजे पहिली गोष्ट पुरी झाली, पुढील दोन राहिल्या, हे ध्यानी येते. भाविक, नावाडी आणि घाटावर सेवा देणारी मंडळी या तिघांनाही उपयोगी पडावी या हेतूने पुढील माहिती दिली आहे.

गतकाळातील दुर्घटना

१७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली व सहाशेंहून अधिक माणसे गेली. ही आठवण कोकणातील घराघरांत अद्याप जिवंत आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना बाहेर काढणारी नावच उलटली आणि अनेक गावकरी मृत्युमुखी पडले. २०२४ या एकाच वर्षात तीन घटना घडल्या. १८ जानेवारीस बडोद्याच्या हरणी तलावात सहलीची नाव उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका दगावल्या. २१ मे रोजी उजनी जलाशयात कळाशी व कुगाव यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जण गेले. १८ डिसेंबरला घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' लाँचला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून १५ जणांना प्राण गमवावे लागले.

या घटनांची कारणे वेगवेगळी आहेत. कोठे क्षमतेहून अधिक माणसे बसविली गेली, कोठे वारा उठला, कोठे दुसरीच बोट येऊन आदळली. त्यांपैकी एकही कारण नावेत बसलेल्या सामान्य प्रवाशाच्या हातातील नव्हते. त्याच्या हाती असणारी गोष्ट एकच, ती म्हणजे अंगावरचे जॅकेट. आणि तेही नाव काठ सोडण्यापूर्वी. नाव कलल्यावर जॅकेट शोधणे, सोडविणे, घालणे व बांधणे हे सराव असलेल्या खलाशालाही कठीण जाते. डिसेंबर २०२४ च्या दुर्घटनेनंतर गेटवेहून सुटणाऱ्या लाँचमधील प्रवाशांना जॅकेट घालणे सक्तीचे करण्यात आले, ते याच कारणाने. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ साली नौकासुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली होती व २०२१ च्या अंतर्देशीय जलयान अधिनियमात यंत्राविना चालणाऱ्या होड्यांच्या नोंदीचीही तरतूद आहे. तथापि प्रत्येक घाटावर प्रत्येक फेरीला शासनाचा माणूस उभा राहणे शक्य नाही, हे उघड आहे.

पाण्यात पडल्यावर

मनुष्याच्या शरीराची घनता जवळजवळ पाण्याइतकीच असते. छातीत हवा भरलेली असता बहुतेक शरीरे कशीबशी तरंगतात, श्वास सोडला की खाली जातात. डोके पाण्याबाहेर काढले म्हणजे त्याचा चार-पाच किलोंचा भार कशावर तरी तोलावा लागतो. पोहणारा तो हातापायांच्या हालचालीने तोलतो. न पोहणाऱ्यास साडेतीन ते साडेपाच किलोंची अधिक उचल मिळाली तरी तोंड पाण्याबाहेर राहते. जॅकेटाचे सारे कार्य एवढ्या लहानशा हिशेबावर चालते.

बुडणारा माणूस हाका मारतो, हात हलवितो, अशी सर्वसाधारण कल्पना आहे. प्रत्यक्षात तोंड क्षणभर वर येते तेव्हा श्वास घ्यावा की ओरडावे, यांत शरीर श्वास निवडते. हात पाण्यावर आडवे मारले जातात, ते वर उचलता येत नाहीत. पाहता पाहता, बहुधा मिनिटभरात, माणूस निःशब्दपणे दिसेनासा होतो. नाव उलटली असता शेजारचा माणूस हाताला लागेल त्याला मिठी मारतो आणि पट्टीचा पोहणाराही त्या मिठीत सापडतो. "मला पोहता येते" असे सांगून जॅकेट नाकारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

भिजलेले लुगडे वा धोतर माणसास तळाशी ओढते, ही समजूत मात्र अर्धीच खरी आहे. पाण्यात असेपर्यंत कापडात भिनलेल्या पाण्याचे वजन जाणवत नाही, ते जाणवते बाहेर चढताना. खरा धोका आहे तो पायांना पडणाऱ्या वेढ्याचा. पदर, उपरणे, शाल यांचे टोक पायात किंवा नावेच्या खिळ्यात अडकले की हालचालच खुंटते.

जॅकेटाची निवड

जॅकेटाची उचल 'न्यूटन' या एककात मोजतात. दहा न्यूटन म्हणजे सुमारे एक किलो. चांगल्या जॅकेटाच्या आतील पट्टीवर ५०, १००, १५० किंवा २७५ असा आकडा छापलेला असतो. पन्नासचे जॅकेट ज्याला पोहता येते, जो काठाजवळ आहे व ज्याला मदत लगेच मिळणार आहे अशासाठी असते. ते जलक्रीडेचे साधन होय. शंभरचे आडोशाच्या, शांत पाण्यासाठी, दीडशेचे खुल्या समुद्रासाठी, आणि पावणेतीनशेचे जड कपडे वा अवजारे बाळगून खोल समुद्रात काम करणाऱ्यांसाठी. मुलांच्या जॅकेटांवरील आकडे याहून कमी असतात. ते मुलाच्या वजनाच्या मानाने ठरविलेले असल्याने त्यात वावगे काही नाही.

पर्यटनस्थळी सर्रास दिसणारे बिनकॉलरचे बंडीसारखे जॅकेट पहिल्या प्रकारात मोडते. ते स्वस्त पडते, अंगाला सुटसुटीत वाटते, म्हणून घाटांवरही तेच खरेदी केले जाते. यात्रेच्या नावेसाठी ही निवड योग्य नव्हे. यात्रेकरूंत वृद्ध अधिक, न पोहणारे अधिक, आणि भीतीने शुद्ध हरपण्याचा संभवही अधिक. बेशुद्ध माणूस पाण्यात पालथा पडला तर त्याला उताणे करील व मान मागे टेकवून तोंड वर धरील असे जॅकेट हवे. त्यासाठी पुढील बाजूस फोम जास्त, पाठीशी कमी आणि मानेमागे कॉलर अशी रचना असते. जहाजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत तर तोंड पाण्यापासून १२ सेंटिमीटर वर राहिले पाहिजे आणि चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवल्यावरही उचल शेकडा पाचाहून अधिक घटता कामा नये, अशा कसोट्या आहेत. तेव्हा नदी व तलावासाठी किमान शंभर न्यूटनचे कॉलर असलेले आणि समुद्र अथवा रुंद खाडीसाठी दीडशेचे जॅकेट घ्यावे. रंग केशरी, लाल किंवा पिवळा असावा, खांद्यांवर प्रकाश परतविणारी पट्टी असावी आणि दोरीला शिट्टी असावी. बुडणाऱ्याचा आवाज बसतो, शिट्टी मात्र फुंकरीवर वाजते. पहाटेच्या वा रात्रीच्या फेऱ्या असल्यास पाण्यात पेटणारा लहान दिवाही हवा.

बाजारात केशरी कापडात पॅकिंगचा फोम वा थर्मोकोलचे तुकडे शिवलेली जॅकेटेही मिळतात. वरून पाहता फरक कळत नाही. पट्टीवर उत्पादकाचे नाव, वजनाची मर्यादा, उचल, उत्पादनाचे वर्ष व प्रमाणपत्राचा उल्लेख नसेल तर ते जॅकेट स्वस्त असले तरी घेऊ नये. नौवहन महासंचालनालयाची मान्यता किंवा इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगचे प्रमाणपत्र असलेला माल मागावा. मोठी खरेदी असल्यास आधी एकच नग आणून तो पुढे सांगितलेल्या रीतीने पाण्यात तपासावा, मग उरलेल्यांची मागणी नोंदवावी.

पूर्वीच्या जॅकेटांत पांढऱ्या सावरीचा कापूस, ज्याला कपोक म्हणतात, तो भरीत असत. त्याचे तंतू पोकळ व मेणचट असल्याने पाणी शोषीत नाहीत. परंतु कोणी सतत वर बसल्याने ते दबले किंवा त्यांना डिझेल लागले की जॅकेटाची तरंगण्याची शक्तीच जाते. जुन्या लाँचमध्ये अशी जॅकेटे आढळल्यास ती वापरातून काढावीत.

हवा भरून फुगणाऱ्या जॅकेटांविषयी अलीकडे विचारणा होते. ती दिसायला सडपातळ असतात, पाण्यात पडताच कार्बन डायऑक्साइडच्या नळकांडीने फुगतात आणि गळ्याभोवतीचा भार कमी असल्याने सोयीची वाटतात. परंतु प्रत्येक वापरानंतर नळकांडी बदलावी लागते, तिचे वजन छापील आकड्याशी ताडून पाहावे लागते, हवेची पिशवी फुगवून रात्रभर ठेवून गळती तपासावी लागते. दिवसाला शेकडो माणसे घालतात-काढतात अशा घाटावर हे होणे नाही. मुलांसाठी व न पोहणाऱ्यांसाठी ती योग्य नाहीत. साधा फोम काही न करता तरंगतो, हाच त्याचा मोठा गुण होय.

मुलांचे जॅकेट हा स्वतंत्र विषय आहे, आणि घाटांवर सर्वाधिक हेळसांड याचीच होते. मोठ्यांचे जॅकेट मुलास घातले तर पाण्यात पडताच जॅकेट वर राहते व मूल खालून निसटते. आंतरराष्ट्रीय नियमांत १५ किलोंखालील शिशू, १५ ते ४३ किलोंपर्यंतचे बालक व त्यावरील प्रौढ असे तीन गट आहेत. मुलाच्या जॅकेटास मांड्यांमधून जाणारा पट्टा, डोक्यास आधार देणारी कॉलर आणि मानेमागे पकडीची मूठ असावी. त्याच नियमांत प्रवासी जहाजांवर बालकांसाठी एकूण प्रवाशांच्या किमान शेकडा दहा जॅकेटे ठेवण्यास सांगितले आहे. दिवाळीच्या वा उन्हाळ्याच्या सुटीत देवदर्शनास निघालेल्या कुटुंबांकडे पाहता क्षेत्राच्या ठिकाणी हे प्रमाण निश्चितच अपुरे पडेल. शिशूसाठी योग्य जॅकेट नसेल तर त्यास नावेत नेऊ नये. घरातील एकाने काठावर थांबून आळीपाळीने दर्शन घ्यावे, यात पुण्याची हानी नाही. मूल झोळीत वा ओढणीने स्वतःशी बांधून नावेत बसणे सर्वथा टाळावे.

भाविकांनी नावेत बसताना

जॅकेट घालण्यापूर्वी शाल, उपरणे काढून पिशवीत ठेवावे. पदर खांद्यावरून नीट खोचून घ्यावा व जॅकेट त्यावरून घालावे, पदर जॅकेटावर येऊ देऊ नये. सोवळ्यात उघड्या अंगाने बसणाऱ्यांना पट्टे काचतात, त्यांनी आत सुती बंडी वा उपरण्याची घडी घ्यावी. दुसऱ्याने घातलेले जॅकेट अंगावर घेण्यास काही ज्येष्ठ मंडळी संकोचतात. तो संकोच अगदी अनाठायी आहे असे नाही. घामाने व बुरशीने वास मारणारे जॅकेट कोणासही नकोसे वाटते. पण त्याचा उपाय जॅकेट स्वच्छ ठेवणे हा आहे, ते न घालणे हा नव्हे. अशांनी सोबत स्वतःचे जॅकेट आणले तर उत्तमच.

सर्व बक्कले लावून पट्टे आवळावेत. नंतर सोबतच्या माणसाने दोन्ही खांद्यांच्या पट्ट्या धरून जॅकेट वर उचलून पाहावे. ते हनुवटीच्या वर, कानांपर्यंत सरकले तर ते मोठे आहे किंवा सैल आहे. ही परीक्षा क्षणाची आहे, परंतु पाण्यात गेल्यावर जॅकेट वर सरकून नाकातोंडावर येईल की नाही, ते येथेच कळते. पुढचे बक्कल लावून बगलेचे पट्टे मोकळे सोडणे ही नेहमी आढळणारी चूक आहे.

नावेत मधोमध व खाली बसावे. छायाचित्रासाठी सगळ्यांनी एका बाजूस जाऊ नये. केरळात थेक्कडी येथे ३० सप्टेंबर २००९ रोजी पर्यटकांची बोट उलटून ४५ माणसे गेली, तेव्हा प्राणी पाहण्यासाठी प्रवासी एका बाजूस झुकल्याचे समोर आले होते. छत असलेल्या किंवा दुमजली लाँचमध्ये आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. बोट उलटली तर अंगावरचे जॅकेट माणसाला वर, म्हणजे छताच्या आतल्या बाजूस दाबून धरते. म्हणून खालच्या बंद भागात न बसता उघड्या भागात, बाहेर पडण्याच्या जागेजवळ बसावे. नावेच्या बाहेरील बाजूस क्षमतेचा आकडा रंगविलेला नसेल, सर्वांना पुरतील इतकी जॅकेटे नसतील किंवा धरणातून पाणी सोडल्याने पात्र चढत असेल तर पुढची फेरी पाहावी. समुद्रातील संकटात तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आणि अन्यत्र ११२ हा क्रमांक भ्रमणध्वनीवरून लावावा. भ्रमणध्वनी पाणी न शिरणाऱ्या पिशवीत गळ्यात असेल तरच त्याचा उपयोग, हे सांगणे नलगे.

कडे आणि दोर

जॅकेट पडलेल्यासाठी, तर कडे व दोर हे वाचविणाऱ्यासाठी असतात. जीवरक्षक कड्याचा बाहेरचा व्यास ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त व आतला ४० सेंटिमीटरपेक्षा कमी नसावा, त्याचे वजन किमान अडीच किलो असावे आणि त्याने साडेचौदा किलो लोखंड गोड्या पाण्यात चोवीस तास तोलून धरावे, असा जहाजांसाठीचा दंडक आहे. वजनाची अट पुष्कळांना चमत्कारिक वाटते. परंतु फार हलके कडे वाऱ्यावर भरकटते व बुडणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही.

कड्यास तीस मीटर लांबीचा तरंगणारा दोर जोडलेला असावा. पॉलिप्रॉपिलीनचा दोर तरंगतो. नायलॉनचा बुडतो व पंख्यात गुंतू शकतो. काथ्याचा भिजून जड होतो आणि कुजतो. कडे माणसाच्या अंगावर नव्हे, तर त्याच्या थोडे पलीकडे व प्रवाहाच्या वरच्या अंगाला फेकून दोराने त्याच्याकडे ओढून आणावे. पाण्यातील माणसाने त्यावर चढून बसू नये, कडे उलटते. दोन्ही हात वर टाकून लटकून राहावे. कडे नावेच्या कठड्यास तारेने घट्ट आवळून ठेवण्याची खोड सर्वत्र आहे. चोरीची भीती खरी, परंतु पक्कड आणून तार सोडवीपर्यंत माणूस थांबत नाही. खुंटीवर अडकवून वर सहज निघणारी खोबण करावी.

ज्या लहान घाटास कडे परवडत नाही तेथे पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट बंद केलेला प्लॅस्टिकचा कॅन दोर बांधून ठेवावा. त्यास जवळजवळ पाच किलोंची उचल असते, म्हणजे एका प्रौढाचे तोंड वर राहण्यापुरती. दूर फेकता यावा म्हणून आत पेलाभर पाणी घालावे. ट्रकच्या ट्यूबचाही उपयोग होतो, मात्र ती निसरडी असते, तिचा व्हॉल्व्ह अंगाला लागतो आणि ऐन वेळी ती फुगविलेली असेलच असे नाही. या तडजोडी घाटावरील मदतीसाठी आहेत, नावेतील जॅकेटांना पर्याय म्हणून नव्हेत.

निगा व तपासणी

जॅकेट पाण्यात क्वचितच पडते. त्याचा नाश होतो तो कोरड्या जमिनीवर. उन्हाने कापडाचा रंग उडतो, आणि रंग उडतो तेव्हा धाग्याची ताकदही गेलेली असते. केशरी जॅकेट फिकट गुलाबी दिसू लागले की खांद्याची पट्टी दोन्ही हातांनी जोराने ओढून पाहावी. शिवण उसवली तर ते पाण्यात माणसाला उचलताना नक्कीच उसवेल. बसण्यासाठी वापरल्याने फोम दबतो. अंगठ्याने दाबून सोडल्यावर तो पूर्ववत फुगला नाही किंवा आत भुगा झाल्यासारखे वाटले तर ते जॅकेट बाद समजावे. पत्र्याच्या बंद खोलीत उन्हाळ्यात फोम आकसतो. नावेतील डिझेल व ऑइल कापडातून आत मुरते. उंदरांना फोम कुरतडून बिळात नेण्याची आवड असते, आणि बाहेरून लहान भोक दिसले तरी आतली पोकळी मोठी असू शकते.

समुद्रावर वापरलेली जॅकेटे दररोज गोड्या पाण्याने धुवावीत, कारण मिठाचे कण शिवणीत बसून धागा कापतात. नदीवरील जॅकेटे गर्दीच्या दिवसांत रोज व एरवी आठवड्यातून एकदा सौम्य साबणाने धुवून सावलीत, वाऱ्यावर, दोन खांद्यांना आधार देऊन टांगावीत. ब्लीचिंग पावडर, रॉकेल, गरम पाणी व इस्त्री वर्ज्य. ओली जॅकेटे एकावर एक रचू नयेत. आषाढीनंतर पाणी चढल्याने नावा बंद होतात तेथे चातुर्मासभर जॅकेटे गाठोड्यात पडून राहतात आणि कार्तिकीच्या गर्दीत तशीच काढून वाटली जातात. बुरशी, उंदीर आणि गंजलेली बक्कले हे सर्व त्या चार महिन्यांचे उत्पन्न असते. म्हणून कार्तिकीपूर्वी किमान पंधरा दिवस ती बाहेर काढून एकेक तपासावीत, म्हणजे बाद झालेल्यांच्या जागी नवी आणण्यास अवधी मिळतो.

पाण्यातील परीक्षा घाटावरच करता येते. शंभर न्यूटनच्या जॅकेटास किराणा दुकानातील तराजूची अकरा किलोंची लोखंडी वजने कापडी पिशवीत घालून पट्ट्याला घट्ट बांधावीत व जॅकेट कमरेइतक्या पाण्यात सोडावे. पाण्यात लोखंडाचे वजन सुमारे आठव्या हिश्श्याने घटते, म्हणजे अकरा किलोंचा भार साडेनऊच्या आसपास भरतो. एवढ्यास जॅकेटाने तरंगत राहिले पाहिजे. ते दोराने बांधून दुसऱ्या दिवसापर्यंत तसेच ठेवावे. सकाळी बुडालेले आढळले तर फोमात पाणी शिरले आहे. प्रत्येक जॅकेटावर ही परीक्षा शक्य नसल्यास एकाच वेळी घेतलेल्या मालातील काही नग घ्यावेत, आणि त्यांतील एक जरी बुडाला तरी मग सर्व तपासावीत. आणखी एक सोपी रीत अशी की, नवे जॅकेट कोरडे असता त्याचे वजन करून नोंदवावे. पुढल्या वर्षी कोरडे दिसणारे तेच जॅकेट अधिक भरले तर आत पाणी आहे.

यासाठी प्रत्येक जॅकेटास क्रमांक हवा. तो न पुसणाऱ्या शाईने कॉलरच्या आतील बाजूस लहान अक्षरांत लिहावा. नोंदवहीत क्रमांक, खरेदीचे वर्ष, कोरडे वजन, तपासणीची तारीख व तपासणाऱ्याची सही एवढे रकाने पुरेत. देणगीतून आलेल्या जॅकेटांवर दात्याचे नाव पाठभर तैलरंगाने रंगविण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. तैलरंगातील द्रवाने फोम व कापड दोन्ही खराब होतात, आणि कित्येकदा उत्पादकाची पट्टीच रंगाखाली झाकली जाते. दात्याचे नाव घाटावरील फलकावर सन्मानाने लिहावे. जॅकेटांसाठी दान देणाऱ्यांनीही मोठ्यांच्या पन्नास नगांऐवजी चाळीस मोठ्यांची व दहा मुलांची द्यावीत, तसेच ती टांगण्यासाठी हवेशीर लाकडी घडवंची द्यावी. ती घडवंची त्या जॅकेटांचे आयुष्य वाढवील.

तुटलेल्या बक्कलाच्या जागी सुतळीची गाठ मारणे ही दुरुस्ती नव्हे. भिजलेली गाठ सुटत नाही, व ओढीने सुटू नये तेव्हा सुटते. बक्कल त्याच मापाचे नवे मिळत असेल व पट्टा शाबूत असेल तरच बदलावे. फाटलेले कापड शिवून आतला फोम स्वतः भरू नये. कड्याभोवतीची पकडण्याची दोरी उन्हाने पिठासारखी होते, ती मुठीत चोळल्यावर भुगा पडला तर तत्काळ बदलावी. पॉलिप्रॉपिलीनच्या दोरालाही उन्हाचे हेच भय असल्याने तो पिशवीत ठेवावा व महिन्यातून एकदा पूर्ण उलगडून पुन्हा भरावा, म्हणजे ऐन वेळी गाठ निघत नाही. त्याच दिवशी नावाडी व सेवेकरी यांनी रिकाम्या पात्रात दोन-चार फेकी करून हात बसवून घ्यावा.

बाद ठरलेली जॅकेटे वेगळ्या कोपऱ्यात रचून ठेवू नयेत. गर्दीच्या दिवशी नग कमी पडले की तीच बाहेर येतात. तपासणीच्या दिवशीच त्यांचे पट्टे कात्रीने कापून टाकावेत आणि नोंदवहीतील क्रमांकावर रेघ मारावी. शाबूत बक्कले, शिट्ट्या काढून ठेवाव्यात. उरलेल्या फोमाचे तुकडे घाटाच्या पायरीवर नावेची कड आपटू नये म्हणून दोरीने बांधण्यास चालतात.